टेप नसलेल्या जीपचा आवाज: निलंगा तालुक्यातलं एक प्रकरण

गाडी महिंद्राची जुनी कमांडर, वर कापडी हूड, मागे समोरासमोर बाकडी. मालक निलंगा तालुक्यातले एक शेतकरी, साठी ओलांडलेले. जीप सोयाबीन-तुरीच्या पोत्यांसोबत लातूरच्या आडतीला येते, एरवी शेतात आणि सोयऱ्या-धायऱ्यांकडे फिरते. डॅशबोर्ड म्हणजे सपाट पत्रा, टेप बसवायला चौकोनी खाच मुळातच नाही. पूर्वी कुणीतरी खाली पट्ट्या मारून एक टेप लटकवला होता, तो एका लग्नाच्या गर्दीत चोरीला गेला. उघड्या जीपमध्ये टेप टिकत नाही. चोरांपासून वाचला तर धुळीने जातो, धुळीतून वाचला तर पहिल्या वळवाच्या पावसात.

ही जीप आवाजाची जोडणी करायला माझ्याकडे आली, तेव्हा मालक काकांसोबत त्यांचा पुतण्या आला होता, पुण्यात शिकणारा. टेप नकोच, फोनवरूनच वाजवायचं, हे दोघांनाही मान्य होतं. पुढचं काही मान्य नव्हतं. पुतण्याला बारा इंचाची पेटी, म्हणजे खालच्या सुरांचा धडका देणारा मोठा स्पीकर, हवी होती. काका म्हणाले, "मिस्त्री, मला कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळला पायजे. घुमायलंय नुसतं, असं नको."

आधीची जोडणी

टेप गेल्यावर कुणीतरी हजार-पाचशेत काम उरकून दिलं होतं. ऑनलाइन मिळणारा, आवाज मोठा करणारा उघडा ॲम्प्लिफायर (ॲम्प) बोर्ड सीटखाली चिकटवलेला, त्याला हेडलाइटच्या वायरीतून करंट, अर्थिंग सीटच्या बोल्टला, आणि फोनमधलं गाणं पकडणारी ब्लूटूथची डबी डॅशबोर्डजवळच्या मोबाइल चार्जरवर. आवाज यायचा, पण त्याच्याबरोबर बारीक शिट्टीही यायची. रेस दिली की शिट्टी चढायची, रेस सोडली की उतरायची. हेडलाइट लावला की गाणं फाटायचं.

अशी जोडणी करणारा समजतो की टेप म्हणजे गाणी वाजवणारा डबा. डबा गेला, त्याच्या जागी फोन आला, संपलं. पण टेप गुपचूप बरीच कामं करत असतो. चावी फिरवल्यावर ॲम्पला "ऊठ" म्हणून निळ्या-पांढऱ्या वायरीतून १२ व्होल्ट पाठवतो. हाताशी गोल बटण देतो. बास-ट्रेबल जुळवतो. रेडिओ पकडतो. गाडीच्या करंटमधली घाण बरीचशी आतच अडवतो. टेप काढला तरी ही कामं उरतातच, आणि प्रत्येक काम कुणाच्या गळ्यात बांधायचं हे ठरवल्याशिवाय वायर कापायची नाही, असं माझं मत आहे. या जीपमध्ये आम्ही तेच केलं.

ॲम्प: लेबलवरचे वॉट आणि खरे वॉट

पुतण्याचा पहिला प्रश्न बरोबर होता. टेपवर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं, मग वेगळा ५० वॉटचा ॲम्प घेऊन फरक काय? हिशेब सोपा आहे. गाडी चालू असताना करंट फार तर १४.४ व्होल्टचा. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ लाट दिली तर सुमारे २६ वॉट निघतात, आणि आतला तोटा धरला तर त्याहून कमी. लाट चौकोनी होईपर्यंत पिळली तर मात्र १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२ येतात. लेबलवरचा ५० हा आकडा तिथून येतो. त्या पातळीला ऐकण्यासारखं काही उरत नाही. गाडीसाठी बनवलेल्या वेगळ्या ॲम्पमध्ये १२ व्होल्ट आधी वाढवून घेणारं सर्किट असतं, म्हणून तो खरे ५० वॉट देऊ शकतो.

उघड्या बोर्डाची आणखी एक अडचण असते, ती आपल्याकडे जास्त. डिझेल जीप एकदा धक्का मारून चालू केली की चालू गाडीत बॅटरीची पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावणारे लोक मी रोज बघतो. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी सुटली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटीने उसळतं. गाडीचा ॲम्प हे गृहीत धरून बनवलेला असतो, घरच्या स्पीकरसाठीचा बोर्ड नाही.

म्हणून चार चॅनेलचा (चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा), डी क्लासचा, चॅनेलमागे ५० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या खऱ्या वॉटचा, ॲम्प घेतला. डी क्लास कमी करंट खातो आणि कमी तापतो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, सीटखाली हवा खेळत नाही, तिथे हे महत्त्वाचं. चारही चॅनेल पूर्ण वाजले तर २०० वॉट, त्यासाठी साधारण १८ अँपिअर लागतील. प्रत्यक्ष गाण्यात वा कीर्तनात सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहते.

वायर आणि अर्थिंग

बॅटरीपासून पुढच्या सीटखालपर्यंत ३ मीटर अंतर. १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १८ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वाटेतच पडतो. १० स्क्वेअर एमएममध्ये ०.१ व्होल्टही पडत नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून १० ची तांब्याची मल्टीस्ट्रँड वायर आणली. "ॲम्प किट" म्हणून पारदर्शक पिशवीत मिळणारी जाडजूड वायर घेतली नाही. त्या वायरीतली एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. जाडी नुसती रबराची असते.

फ्यूज ३० अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. वायर पत्र्यातून आत जाते तिथे भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, आणि वायरीवर फ्लेक्झिबल पाइप. जीपचा पत्रा सतत थरथरतो, कडेला घासून वायरीची कातडी सोलायला एक हंगाम पुरतो. मधे फ्यूज नसेल तर पुढचं सांगायला नको.

खरा रोग अर्थिंगमध्ये होता. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी सीटच्या बोल्टला धरली, तर ०.६ व्होल्ट. ते शून्याच्या आसपास हवं. बोल्टाखाली रंगाचे दोन थर, त्याखाली गंज, आणि इंजिनपासून चासीला जाणारी विणलेली पट्टी हिरवी पडून अर्धी तुटलेली. हेडलाइट मंद का लागतो याचंही उत्तर त्यातच सापडलं. पट्टी नवी टाकली, बॅटरीपासून चासीला वेगळी जाड वायर दिली, सीटखाली पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून बोल्ट, दातेरी वॉशर आणि वरून ग्रीस. तेच माप ०.०५ वर आलं. काकांना आवाजाआधी उजेडातला फरक दिसला. ते म्हणाले, "ह्येच आधी का नाही केलं कुणी?"

शिट्टीचा माग

अर्थिंग सुधारल्यावर शिट्टी कमी झाली, गेली नाही. इथे अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नसतं, एक साधी परीक्षा आहे. ब्लूटूथची डबी गाडीच्या चार्जरवरून काढून पॉवर बँकेवर लावली. शिट्टी गायब. म्हणजे दोष ॲम्पमध्ये नाही, स्पीकरच्या वायरीत नाही. डबी आणि ॲम्प दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंग घेतात, त्या दोन ठिकाणांत थोडा फरक असतो, आणि तो फरक मिटवायला करंट ऑडिओ केबलच्या जाळीतून धावतो. जाळीतून धावणारा तो करंट अल्टरनेटरच्या तालावर हलतो, आणि ॲम्प त्यालाच गाणं समजून मोठा करतो.

"मग पॉवर बँकच ठेवा की," असं पुतण्या म्हणाला. उन्हात उभ्या गाडीत लिथियमची बॅटरी ठेवू नये. ४५ अंशांच्या वर ती चार्ज होणंच धोक्याचं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी सीटला हात लावता येत नाही.

बाजारात यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ऑडिओ केबलच्या मधे लावायची. आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. शिट्टी जाते, पण स्वस्त डबीत खालचे सूरही जातात आणि मृदंगाची थाप पातळ होते. आम्ही करंटच्या बाजूने उपाय केला. आधी डबीचा प्लस-मायनस ॲम्पच्या शेजारून घेतला, म्हणजे दोघांची अर्थिंग एकाच बोल्टाला. शिट्टी जवळजवळ संपली. कान लावल्यावर चार्जरची स्वतःची किरकिर उरली होती. मग मधे ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर (दोन बाजूंचा तारेचा संबंध तोडून करंट देणारा) टाकला, बोटाच्या पेराएवढा, १ वॉटचा, म्हणजे २०० मिलिअँपिअरचा. ब्लूटूथच्या डबीला याच्या निम्मंही लागत नाही. त्यानंतर इंजिन चालू, आवाज पूर्ण, गाणं बंद: स्पीकरला कान लावला तरी फक्त हलकी सळसळ.

डबी लोखंडी खणात ठेवायचा मोह टाळला. पत्र्यातून ब्लूटूथ नीट बाहेर पडत नाही. प्लॅस्टिकच्या वायरिंग बॉक्समध्ये घालून डॅशबोर्डखाली लावली, झाकणाच्या कडेला सिलिकॉन.

बटण

या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वस्तू सर्वांत स्वस्त आहे. टेप नसलेल्या गाडीत आवाज कमी करायचा म्हणजे फोन काढा, स्क्रीन उघडा, बाजूचं बटण दाबा. औसा रोडवर समोर उसाची ट्रॉली, मागून एसटीचा हॉर्न, आणि ड्रायव्हर मांडीवर फोन चाचपडतोय. हे मला चालत नाही, आणि असं काम मी देत नाही.

१० किलोओहमचा डबल पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण), ऑडिओ टेपरचा, म्हणजे आवाज कानाला हळूहळू वाढेल असा, ब्लूटूथची डबी आणि ॲम्प यांच्या मधे. ऑडिओ टेपरचाच, कारण साधा लिनिअर घेतला तर सगळा आवाज पहिल्या पाव फेऱ्यात येतो आणि उरलेलं बटण नुसतं फिरतं. बटण ट्रॅक्टरच्या सामानातलं, जाड खाचांचं. मातीच्या हातानं, न बघता फिरवता आलं पाहिजे. डाव्या हाताला, गिअरच्या वाटेत.

त्याच्याशेजारी एक रॉकर स्विच. हा ॲम्पच्या रिमोट वायरीवर, म्हणजे "ऊठ" सांगणाऱ्या त्या निळ्या-पांढऱ्या वायरीवर. त्या वायरीतून करंट नगण्य जातो, म्हणून रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागला नाही. ब्लूटूथची डबी चावीवर चालू होते, ॲम्प मात्र काका स्विच दाबतील तेव्हा. जुनं डिझेल इंजिन स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं खाली ओढतं की डबी बंद होऊन पुन्हा चालू होते. त्या वेळी ॲम्प जागा असेल तर स्पीकरमधून "थड" असा दणका येतो. गाडी सुरू झाल्यावर स्विच, आणि बंद करताना आधी स्विच मग चावी. काकांना हा क्रम एकदा सांगितला. ते म्हणाले मोटरीच्या स्टार्टरचंही असंच असतंय.

स्पीकर, आणि पेटीचा वाद

पुतण्याच्या पेटीला मी नाही म्हटलं, त्याचं कारण त्याला पटवावं लागलं. बंद कारमध्ये पेटीचा धडका जाणवतो त्यात अर्धं श्रेय कारचं असतं. काचा बंद असल्या की आतली कोंडलेली हवा खालचे सूर उचलून धरते. कापडी हुडाच्या जीपमध्ये कोंडायला काही नाही. शिवाय डिझेल इंजिनची घरघर आणि टायरची घोंघों याच खालच्या पट्ट्यात बसते. पेटी तिच्याशीच भांडत राहते आणि बॅटरी खाते. शब्द कळतो तो मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तिथे इंजिन त्या मानाने शांत असतं. काकांची मागणी आणि ध्वनीचं शास्त्र एकाच बाजूला होतं.

साडेसहा इंचाचे चार कोएक्सिअल स्पीकर (मोठ्या पडद्याच्या मधेच बारीक सुरांचा छोटा स्पीकर) घेतले, बोटीसाठी बनतात तसले: प्लॅस्टिकचा पडदा, रबरी कड, न गंजणारी जाळी. कागदी पडद्याचा स्पीकर पावसाळ्यात फुगतो आणि मग खरखरतो. दरवाजे अर्धे आणि कापडी, म्हणून पुढच्या दोघांना वॉटरप्रूफ प्लायच्या छोट्या बंद पेट्या करून डॅशबोर्डच्या दोन टोकांना, गुडघ्यांच्या बाहेर, तोंड वर कानाकडे. मागचे दोन हुडाच्या पाइपला क्लॅम्पने, तोंड आत. आतच का, तर उघड्या जीपमधला आवाज तसाही गावाला ऐकू जातो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ठिकाणच्या आवाजावर नियम आहेत, ते पोरांना माहीत असतात आणि लक्षात नसतात.

ॲम्पवर १०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारी गाळणी, लावला. एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि छोट्या पेटीतला स्पीकर तिथेच फाटतो. खालचं ओझं काढून घेतलं की उरलेलं तो मोकळेपणी वाजवतो.

गेन, म्हणजे आत आलेला आवाज ॲम्पने किती पट वाढवायचा ते, लावताना कानावर विसंबलो नाही. स्पीकर सोडवले, फोनचा आवाज ९० टक्के, बटण पूर्ण उघडं, ४०० हर्ट्झचा सलग सूर, आणि ॲम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर एसीवर. ४ ओहमला ५० वॉट म्हणजे १४.१ व्होल्ट. आम्ही १३ लाच थांबलो. ४०० अशासाठी की साधे मल्टिमीटर त्यावरच्या एसीला खोटं सांगू लागतात. ब्लूटूथची डबी टेपपेक्षा कमी व्होल्टेज देते, म्हणून गेनचं बटण नेहमीपेक्षा पुढे जातं. त्याला भ्यायचं कारण नाही, ते आवाजाचं बटण नव्हेच.

फोनमध्ये आणखी एक गोष्ट केली, मोनो ऑडिओ चालू. जुन्या ध्वनिमुद्रणात कधी कधी पखवाज एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला असतो. मागच्या बाकड्यावर डाव्या अंगाला बसलेल्या काकूंना नुसता पखवाज ऐकू येणं बरं नव्हे.

येळवस

चाचणी घेतली ती रस्त्यावर, पण खरी परीक्षा येळवसेला होती. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे गावं ओस पडतात. सगळे शेतात, भज्जी, आंबील, पाहुणे-रावळे, आणि जीप बांधावर इंजिन बंद करून उभी. चार तास गाणी चालणार आणि संध्याकाळी त्याच बॅटरीवर डिझेल इंजिन फिरवायचं.

मध्यम आवाजाला, करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ३ ते ४ अँपिअर दिसले. ४ तासांचे फार तर १६ अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासाची धडधाकट बॅटरी हे पचवते, पण काकांची बॅटरी किती धडधाकट हे कोण सांगणार? म्हणून लो व्होल्टेज कट-ऑफचं छोटं मॉड्यूल बसवलं. अशी मॉड्यूल सहसा मुख्य वायरीत लावतात. तिथे सगळा करंट त्याच्या इवल्या रिलेतून जातो आणि धुळीत त्याचे पॉइंट जळतात. आम्ही ते रिमोट वायरीत लावलं. बॅटरी १२.१ व्होल्टवर आली की ॲम्पचा "ऊठ" संदेशच तुटतो, आणि रिलेवर ओझं शून्य. भरलेली बॅटरी पडून असताना १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. थोडा करंट चालू असताना १२.१ ला थांबलं तर स्टार्टरपुरतं शिल्लक राहतं.

त्या दिवशी दुपारनंतर ॲम्प एकदा बंद पडला. पुतण्याने फोन केला, बिघडलं म्हणून. मॉड्यूलवर १२.१ होते. दहा मिनिटं इंजिन चालवून गाणी पुन्हा सुरू झाली, पण बॅटरीचं वय झालंय हे त्यातून कळलं. पुढच्या महिन्यात ती बदलली.

जे जमलं नाही

फोनवरचं बोलणं स्पीकरवर घेता येतं, पण डबीचा माइक डॅशबोर्डखाली आहे आणि उघड्या जीपमध्ये पलीकडच्या माणसाला फक्त वारा ऐकू येतो. तो पर्याय फोनमधून बंद केला. फोन आला की गाणं थांबतं, काका गाडी बाजूला घेतात.

रेडिओचं काम कुणाच्याच गळ्यात बांधता आलं नाही. काकांना परभणी आकाशवाणीची सवय. आजच्या बहुतेक फोनमध्ये एफएम नाही, मीडियम वेव्ह तर नाहीच. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात, ते लावून दिलं, पण शिवारात रेंज जाते तिथे आवाजही जातो. काकांचा जुना ट्रान्झिस्टर बटणाशेजारच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरची वायर खुपसायच्या खाचेला, जोडून बघितला. एफएम ठीक, मीडियम वेव्हवर मात्र नुसता खरखराट. डी क्लासचा ॲम्प सेकंदाला लाखो वेळा उघड-मिट करतो आणि त्याचा कचरा नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो. अशी उघड-मिट न करणारा ए-बी क्लासचा ॲम्प असता तर हे टळलं असतं, पण मग करंट आणि उष्णता दोन्ही वाढले असते. काकांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी ट्रान्झिस्टर परत घरी नेला आणि पुतण्याला कीर्तनं डाउनलोड करून द्यायच्या कामाला लावलं.